कहव्यानंतरची बातमी

चटईवरचा डाग जुवैनाला सकाळी झाडताना दिसला. तांबूस, कडेला पिवळट, बोटाच्या पेराएवढा. आधी तिला वाटलं डाळिंब. मग आठवलं, डाळिंबांचे दिवस कधीच सरले. तिने डागावर ओलं बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि झाडू तिथेच टाकून बाहेर आली.

उबैद ओट्यावर बसून चढायच्या पट्ट्यावर पाणी शिंपडत होता. खजुरीच्या काथ्याचा जाड पट्टा, पाठीला लागतो तिथे गोणपाटाची गादी शिवलेली. कोरडा पट्टा खोडावर सरकतो, म्हणून चढायच्या आधी तो भिजवायचा.

"मुहन्नाचे बाबा, पाय दाखवा."

"कशाला?"

"दाखवा म्हटलं ना."

त्याने उजवा पाय पुढे केला.

"तो नको. दुसरा."

डाव्या अंगठ्याच्या मागे, तळव्याच्या फुगीर भागात भोक पडलं होतं. कडा भिजलेल्या चामड्यासारख्या पांढऱ्या, आत काळं. जुवैनाने पाय मांडीवर घेतला, पदरात टोचलेली सुई काढली आणि ते काळं उकरायला लागली. सुई आत गेली, आणखी आत गेली. उबैद भिंतीपलीकडच्या झाडांकडे बघत होता. शेवटी तिने चिमटीत धरून ओढलं तेव्हा खजुरीच्या काट्याचं टोक बाहेर आलं, नखाएवढं लांब, मऊ पडलेलं.

"किती दिवस होता हा?"

"मला काय माहीत."

"दुखलं नाही आत्ता?"

"नाही."

त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच काही हललं नव्हतं. जुवैनाला ते बघवेना. तिने मिठाच्या पाण्याने जखम धुतली, जुन्या ओढणीची पट्टी फाडून बांधली.

"आजच्या आज दवाखान्यात चला."

"झाडांना पोया फुटल्यात."

"फुटू देत."

"अगं, पोय उघडली की थांबत नाही. चार दिवस गेले की त्या घडाला नुसत्या बिनबियांच्या गोळ्या धरतात. मी दवाखान्यात जाऊन बसलो तर डॉक्टर मला सोडेल का? माझ्या बापाला सोडलं होतं?"

त्याचा बाप मुर्शिद असाच चालत दवाखान्यात गेला होता आणि गुडघ्याखाली काही नसलेला परत आला होता. मग मरेपर्यंत मशिदीच्या भिंतीला टेकून बसायचा. येणारे-जाणारे सलाम करायचे आणि उत्तराला थांबायचे नाहीत.

"मग अज्जाला सांगा," जुवैना म्हणाली. "दवाखान्याची माणसं घरोघरी येणार आहेत, साखरवाल्यांना काही विचारायला. आपल्याकडे अज्जाच येणार. आपल्याच गावची पोरगी आहे. ती डॉक्टरला नीट सांगेल, औषध घरी देईल. सांगाल?"

"सांगेन."

"माझ्या गळ्याची शपथ?"

"सांगेन म्हटलं ना."

तो उठला, पट्टा खांद्यावर टाकला आणि पाटाच्या कडेने बागेकडे गेला. चालताना तो आता पायांकडे बघत चालायचा. पूर्वी कधी बघत नव्हता.

*

उबैद बिदार होता. बाप बिदार, आजा बिदार. मालकांची झाडं राखायची, माघाच्या थंडीत नराचा फुलोरा उतरवून सावलीत वाळवायचा, मादीच्या पोया, म्हणजे फुलोऱ्याची बंद आवरणं, उघडल्या की नराचे तुरे आत खोवून झावळीच्या पातीने बांधायचे, उन्हाळ्यात घड उतरवायचे, आणि दर झाडामागे एक घड आपला. गावातले बाकीचे बिदार कधीच सैन्यात, पोलिसात, नाहीतर बंदरावरच्या कारखान्यात गेले. उबैदचा मुलगा मुहन्नाही बंदरावर होता. गुरुवारी संध्याकाळी यायचा, शनिवारी पहाटे जायचा.

साखर उबैदला बापाकडून आली होती, जशी झाडं आली तशी. तिचं त्याला आधी काही वाटलं नव्हतं. गावात निम्म्या घरांत ती होती. त्याचा मित्र सुलैयिम म्हणायचा, "ज्याला साखर नाही त्याला आपण आपल्यातला कशाला म्हणायचं?" पण गेल्या काही वर्षांत तिने त्याला पोखरलं. बोट टोचून आकडा बघायचं त्याने सोडून दिलं होतं, कारण आकडा दरवेळी त्याला रागवायचा. सुई घ्यायची तो विसरत नव्हता, पण घेताना भिंतीकडे तोंड करायचा. आणि वर, झाडाच्या शेंड्याशी, त्याला भीती वाटायला लागली होती. ही गोष्ट त्याने कोणालाच सांगितली नव्हती. पूर्वी पाय आपले आपण वाट शोधायचे, छाटलेल्या झावळ्यांचे खुंट बोटांना बरोबर सापडायचे. आता पाय खुंटावर आहे की हवेत, हे खाली वाकून बघावं लागे. बघितलं की जमीन दिसे.

त्या दिवशी तो पाटाजवळच्या उंच झाडावर चढला, तुरे बांधले, आणि उतरायची वेळ आली तेव्हा खोडाला मिठी मारून तसाच राहिला. खाली पाटाचं पाणी वाजत होतं. कोणाची तरी शेळी ओरडत होती. त्याचा एक हात पट्ट्याच्या गाठीवर गेला आणि बराच वेळ तिथेच थांबला. मग त्याने तो हात काढला, खोडाला लावला आणि एकेक खुंट बघत उतरला.

*

सुलैयिम दुपारी आला. तो उबैदच्याच वयाचा, दात पडलेला, हातात कायम बांबूची काठी. सलाम झाला. दोघं चटईवर बसले.

"बातमी काय?" उबैदने विचारलं.

"बातमी नाही. सगळं कुशल."

"वाटेत काही ऐकलंस?"

"काही नाही ऐकलं. तुझ्याकडे काय?"

"बातमी नाही. अल्लाची मेहेरबानी."

जुवैनाने खजुराचं ताट आणलं, पाठोपाठ कहवा. उबैदने एक खजूर उचलला. सुलैयिमने त्याच्याकडे बघितलं.

"खाऊ दे की एक," उबैद म्हणाला. "पाहुण्याला एकट्याला खायला लावू?"

"खा. मुंग्या लागल्या तर मी झटकीन."

दोघांनी खाल्लं, तीन तीन वेळा कहवा घेतला. सुलैयिमने कप हलवून पुरे म्हटलं, वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवली, मिशा पुसल्या. मग जरा जवळ सरकला.

"हारिसने दोन माणसं आणलीत," तो म्हणाला. "बांगलादेशची. काल रात्री उतरली. बागेतल्या खोलीत ठेवलीत."

उबैद राखायचा ती बाग हारिसची होती.

"तुला सांगावं म्हटलं. त्याच्या तोंडून ऐकण्याआधी."

"बरं केलंस."

"या हंगामापुरती असतील."

"असतील."

आमच्या खोऱ्यात असंच आहे. सुलैयिमची आई गेली तेव्हाही तो उबैदच्या दारात आला होता, बातमी नाही, सगळं कुशल म्हणाला होता, कहवा घेतला होता, आणि मग रडला होता. दारात पाऊल टाकल्या टाकल्या दुःख ओतायचं नसतं. ते अन्नाच्या मागून येतं.

*

दोन दिवसांनी हारिस राजधानीहून आला. पांढरीशुभ्र पायघोळ दिशदाशा, पायात नव्या चपला, बागेतल्या चिखलात त्या भरू नयेत म्हणून बांधावरच उभा राहिला. त्याच्या मागे नव्या दोघांपैकी एक, काळासावळा, सडपातळ माणूस होता. तिशी उलटलेला. त्याचं नाव रफीक.

"काका, हा चढतो कसा बघा जरा," हारिस म्हणाला. "तुम्हीच सांगा, जमतंय का. तुमच्याएवढं कोणाला कळतं?"

"चढू दे."

"तुम्ही ते घ्या, हा हे घेईल. दोघं एकदम."

उबैदने पट्टा खोडाभोवती फिरवला, गाठ मारली. रफीकने पलीकडच्या झाडाभोवती नायलॉनचा दोर टाकला. दोघं चढायला लागले. उबैद प्रत्येक खुंट बघत होता. शेंड्याशी पोचला, विळ्याने काटे साफ केले, पोय चिरली, कमरेच्या पिशवीतून तुरे काढून आत खोवले. पाती दाताने धरून बांधताना त्याने पलीकडे बघितलं. रफीक खाली उतरून तिसऱ्या झाडाच्या बुंध्याशी उभा होता.

खालून हारिस मोबाइल वर धरून चित्र घेत होता.

"सावकाश काका!" तो ओरडला. "घाई नाही! तुमच्या वयाची माणसं घरात बसतात, तुम्ही झाडावर बसता."

तो स्वतःच हसला. रफीक हसला नाही.

उबैद उतरला तेव्हा हारिस फोनवर बोलत बांधाच्या टोकाला गेला होता. रफीक उबैदच्या झाडाकडे बोट दाखवत होता. खोडावर खालपासून शेंड्यापर्यंत, डाव्या बाजूच्या खुंटांवर लाल ठिपके उमटले होते.

"चाचा, रक्त," रफीक हळूच म्हणाला. "पाय. रक्त."

उबैदने बघितलं. मग हारिसच्या पाठीकडे बघितलं.

"पूस," तो म्हणाला.

रफीकने डोक्याचं फडकं सोडलं, पाटात भिजवलं आणि हात पोचत होता तिथपर्यंतचे ठिपके पुसले. वरचे राहिले. वर कोणी बघणार नव्हतं.

हारिस परत आला. "मग? जमतंय ना त्याला?"

"जमतंय," उबैद म्हणाला. "तुरे जास्त खोवतो. दोन कमी खोवले तरी चालतील."

"सांगतो त्याला. ही पाटाकडची ओळ तुम्ही संपवा काका, वरची बाग तो करेल. पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी बघू."

*

अज्जा आली ती उन्हं तापायच्या आत. जुवैनाने पहाटेच कहवा निखाऱ्यावर ठेवला होता, वेलची कुटून घातली होती, खजुराचं ताट पुसून भरलं होतं. उबैदने धुतलेली दिशदाशा घातली. डाव्या पायावर स्वच्छ पट्टी बांधून घेतली आणि ती कापडाखाली झाकून बसला.

"सांगणार ना?" जुवैनाने विचारलं.

"सांगणार. पुन्हा पुन्हा काय विचारतेस?"

अज्जा वरच्या वाडीची. सुलैयिमच्या मेहुण्याची मुलगी, लहानपणी याच पाटात डुंबलेली. आता आरोग्य केंद्रात नोकरीला होती. खांद्याला पिशवी, हातात टॅब.

"सलाम उबैदकाका. सलाम काकू."

"ये पोरी, बस. बातमी काय?"

"बातमी नाही काका, सगळं कुशल. तुमच्याकडे?"

"बातमी नाही. कुशल."

जुवैना आत वळली तशी अज्जा म्हणाली, "काकू, कहवा नको हं. खरंच नको."

"असं कसं नको?"

"या वेळी नियम आहे. आमच्या मॅडम म्हणाल्या, साखरेच्या माणसांच्या घरी जाऊन आपणच खजूर खात बसतो आणि त्यांनाही खायला लावतो, ते बरं दिसतं का? बरोबर आहे त्यांचं. आणि एका घरी घेतला की सगळीकडे घ्यावा लागतो."

"एक घोट. नुसता कहवा."

"पुढच्या वेळी काकू. शपथ."

जुवैना आतल्या दाराशी किटली हातात धरून उभी राहिली.

अज्जाने टॅब उघडला. "काका, लिहिलंय तसंच वाचायचंय मला, माझ्या मनचं काही घालायचं नाही. तुम्ही फक्त किती ते सांगा. अजिबात नाही, थोडं, मध्यम, बरंच, की फार."

"हे कशाचं?"

"मनाचं. रक्तातली साखर मशीन सांगतं. साखरेपायी मनाला किती त्रास होतो, ते यातून कळतं. ज्यांचा आकडा मोठा येईल त्यांना याच आठवड्यात मोठ्या दवाखान्यात बोलावणार. डॉक्टर वेळ देऊन बघणार, बोलणार."

"मन मोजायचं?"

"हो काका."

"मोज."

तिने वाचायला सुरुवात केली. छापील भाषेत, एका सुरात, प्रत्येक वाक्यानंतर थांबून. "मधुमेहासह जगण्याच्या विचाराने तुम्हाला भीती वाटते का?"

उबैदने पाठ ताठ केली. एक हात गुडघ्यावर ठेवला, नजर समोरच्या भिंतीवर. बातमी विचारली जाते तेव्हा घरचा मोठा माणूस असाच बसतो.

"नाही. अल्लाची मेहेरबानी."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

"खाण्यापिण्यावर सतत लक्ष ठेवावं लागतं याचा वैताग येतो का?"

"नाही."

"पुढे शरीराचं काय होईल, याची काळजी वाटते का?"

"ते त्याच्या हातात. नाही."

"रोजच्या उपचारांनी थकून गेल्यासारखं वाटतं का?"

"नाही."

"या आजारात आपण एकटे आहोत असं वाटतं का?"

"नाही."

"घरच्या माणसांना तुमचा त्रास कळत नाही असं वाटतं का?"

उबैदची नजर दाराकडे गेली आणि परत भिंतीवर आली. "घरची माणसं चांगली आहेत. नाही."

प्रश्न आणखीही होते. तो प्रत्येकाला नाही म्हणत गेला, त्याच आवाजात, न अडखळता. दारातल्या किटलीची वाफ कमी होत गेली. शेवटी अज्जाने बोट फिरवलं आणि हसली.

"शून्य आलं काका."

"म्हणजे?"

"म्हणजे काही त्रास नाही. तुमच्या गल्लीत सगळ्यांचं शून्यच येतंय. मॅडम म्हणतील, या गावची माणसं दगडाची."

तिने टॅब पिशवीत घातला. उबैदने पाठ सैल केली. पाय कापडाखालून जरासा पुढे घेतला, पट्टीच्या गाठीशी बोटं नेली आणि नीट मांडी घालून बसला, बोलायला बसतात तसा.

अज्जा उभी राहिली होती.

"बस ना," तो म्हणाला.

"अजून वरची सगळी घरं आहेत काका." तिची नजर पट्टीवर गेली. "पायाला काय झालं?"

उभ्या माणसाला काय सांगणार?

"काटा."

"जपा हं. काकू, येते. कहवा पुढच्या वेळी नक्की."

फाटक वाजलं. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. जुवैना अंगणात आली आणि सगळा कहवा तिने लिंबाच्या बुंध्याशी ओतला.

"तुम्ही सांगणार होतात."

"कहवाच झाला नाही."

"कहव्यावाचून तोंड उघडत नाही तुमचं?"

"ती बसली कुठे? बातमी विचारल्यासारखं विचारत होती. त्याला काय उत्तर द्यायचं असतं, तुला माहीत नाही?"

"ती काय बातमी विचारत होती? तुमचं दुखणं विचारत होती!"

"तशीच विचारत होती. एका दमात. वर म्हणते, आपल्या मनचं घालायचं नाही. नुसतं नाही म्हणत गेलो. म्हटलं आता बसेल, मग सांगू." तो थांबला. "तू तर तिथेच होतीस. तू का नाही बोललीस?"

जुवैना रिकामी किटली घेऊन उभी राहिली. घरच्या माणसाने कुशल म्हटल्यावर दारातल्या बाईने नाही म्हणायचं, असं तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं, बघितलंही नव्हतं.

"उद्या केंद्रात जाऊ," ती म्हणाली.

"ओळ संपू दे. थोडीच झाडं राहिलीत."

*

पाटाकडची ओळ त्याने संपवली. शेवटच्या झाडांना त्याला थंडी वाजत होती, उन्हात. जेवण जात नव्हतं. जुवैना रोज पट्टी बदलायची आणि पदर नाकाला लावायची. अंगठा आधी लाल झाला, मग जांभळा. तिने मुहन्नाला फोन केला. तो म्हणाला, "गुरुवारी येतोच आहे आई, घेऊन जातो." गुरुवारपर्यंत अंगठा काळा झाला होता.

मुहन्ना आला तेव्हा उबैद शेवटच्या झाडाखाली बसला होता, पट्टा अजून खोडाला बांधलेला. उठता येईना. रफीकने एका बाजूने धरलं, मुहन्नाने दुसऱ्या, आणि त्याला पिकअपच्या मागे गादीवर झोपवलं. रफीकने झाडाचा पट्टा सोडून आणला, गुंडाळून त्याच्या डोक्याशी ठेवला.

"बाबा, मला सांगायचं होतंत," मुहन्ना गाडी चालवताना पुन्हा पुन्हा म्हणत होता. "एक फोन करायचा होता. मी काय परका आहे?"

मागे उबैदला ते ऐकू येत नव्हतं. जुवैना त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. रस्ता खडबडीत होता. ती प्रत्येक खड्ड्यात त्याचा पाय दोन्ही हातांनी धरून ठेवत होती, आणि त्याला त्या पायाचं काही कळत नव्हतं.

डॉक्टरने पाय गुडघ्याखाली कापला. सुलैयिम भेटायला गेला तेव्हा उबैद खाटेवर उशीला टेकून बसला होता. चादर एका बाजूला सपाट होती.

"बातमी काय?" सुलैयिमने विचारलं.

"बातमी नाही," उबैद म्हणाला. "सगळं कुशल. तुझ्याकडे?"

"कुशल."

दवाखान्यात कहवा नव्हता. दोघं बराच वेळ बसले. मग सुलैयिम उठून गेला.

*

उन्हाळ्यात घड उतरले. पाटाकडच्या ओळीला फळ चांगलं धरलं होतं, एकाही घडात बिनबियांच्या गोळ्या नव्हत्या. रफीकने उबैदच्या वाटणीचे घड हारिसने पाठवायची वाट न बघता स्वतःच हातगाडीवर घालून आणले आणि ओट्याच्या सावलीत मांडले. उबैद दिवसभर तिथे बसून फळं निवडायचा, डागी एका बाजूला, चांगली दुसऱ्या. स्वतः त्यातलं खात नव्हता. कोणी फाटकासमोरून गेलं की सलाम करायचं. तो उत्तर देईपर्यंत माणूस पुढे गेलेला असायचा.

अज्जा दुसऱ्या फेरीला आली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. तिला पायाचं कळलं होतं. केंद्रात कागद आला होता. ती फाटकाशी थांबली, पिशवी काढली आणि गाडीत ठेवून आली. रिकाम्या हातांनी येऊन ओट्यावर बसली.

"सलाम उबैदकाका."

"ये पोरी. बातमी काय?"

"बातमी नाही काका. सगळं कुशल. तुमच्याकडे?"

"बातमी नाही," तो म्हणाला. "कुशल."

जुवैनाने आतून काही आणलं नाही. ती दाराशी उभी होती, हात पदरात.

"काकू," अज्जा म्हणाली, "कहवा देणार ना?"

जुवैना आत गेली. बराच वेळ आतून खलबत्त्याचा आवाज येत राहिला. मग ताट आलं, किटली आली. अज्जाने उबैदने निवडलेल्यातला एक ओला खजूर घेतला, सावकाश खाल्ला, बी तळहातात काढली. कहवा घेतला. कप हलवला नाही, पुढे केला. जुवैनाने भरला. तिने तोही घेतला आणि पुन्हा पुढे केला. चौथा कप संपल्यावर तिने तो हलवला, वाटीत बोटं बुडवली. आणि उठली नाही.

उबैदने हातातलं फळ खाली ठेवलं.

"त्या दिवशीही कहवा तयार होता," तो म्हणाला.

"हो काका."

"पायाला भोक पडलंय, हे सांगणार होतो. ते एक." त्याने गुडघ्याखालच्या रिकाम्या कापडाची घडी सारखी केली. "आणि भीती वाटते, हे सांगणार होतो. तू पहिलंच ते विचारलंस. वर गेलं की खाली बघवत नव्हतं. साठी आली, जन्म झाडावर गेला, आणि भीती वाटते, हे कोणाला सांगायचं? सुई घ्यायचा कंटाळा आला होता. आकड्याचा कंटाळा आला होता. बाप मशिदीच्या भिंतीशी बसायचा तो रोज दिसायचा. आणि एकदा वर असताना पट्ट्याच्या गाठीवर हात ठेवला होता मी. सोडायला."

अज्जा जरा जवळ सरकली.

"सोडली नाही," उबैद म्हणाला. "पण हात बराच वेळ तिथे होता. हे तुला सांगणार होतो. डॉक्टरने यावर काही औषध दिलं असतं तर बरं, असं वाटलं होतं."

लिंबाच्या झाडावर बुलबुल ओरडत होते. उबैदने पुन्हा फळं निवडायला घेतली. त्याची बोटं पूर्वीसारखीच भराभर चालत होती.

"मी आज टॅब आणणार होते," अज्जा म्हणाली. "तेच प्रश्न."

"आण की. आता सांगतो."

"आणते थोड्या वेळाने."

तिने मान वळवली. जुवैना किटली मांडीशी धरून दाराच्या उंबऱ्यावर बसली होती. गाठीबद्दल तिने आत्ताच, पहिल्यांदा ऐकलं होतं. तिचा चेहरा कोरा होता. ज्या माणसाच्या शेजारी ती इतकी वर्षं निजली त्याच्याकडे ती बघत नव्हती. अंगणातल्या उन्हाकडे बघत होती. अज्जाकडच्या प्रश्नांत तिच्यासाठी एकही नव्हता.

"काकू," अज्जा म्हणाली. "तुमच्याकडे काय बातमी?"

"माझ्याकडे?" जुवैनाने पदराने नाक पुसलं. "बातमी नाही गं. सगळं कुशल."

आणि तिने पुढे सरकून, अज्जाचा हलवून ठेवलेला कप पुन्हा जवळ ओढला आणि भरला.